मामाच्या घरची सोयरीक : खेळातली आणि खरी

मैत्रिणींनो, आपल्या लहानपणी भातुकली होती. बाहुला-बाहुलीचं लग्न लागायचं, चुरमुऱ्यांची पंगत उठायची आणि दुसऱ्या दिवशी तीच बाहुली पुन्हा नवी नवरी होऊन बोहल्यावर उभी राहायची. आजच्या मुलांची भातुकली काँप्युटरवर असते. तिथल्या बाहुल्या घरं बांधतात, संसार थाटतात, त्यांना मुलं होतात, मुलांना मुलं होतात. नातवाच्या चेहऱ्यावर आजोबांचं नाकसुद्धा येतं!

अशा खेळात रमलेलं एखादं पोर मग मध्येच आईला विचारतं, ‘‘आई, मामाच्या मुलीशी लग्न लावलं, तर बाळ अशक्त होतं असं गेम सांगतो. पण आपल्या आजी-आजोबांचं लग्न तर तसंच झालंय ना?’’

वऱ्हाडातल्या कितीतरी घरांना हा प्रश्न लागू पडतो. ‘‘खेळ आहे तो, जा अभ्यास कर,’’ म्हणून तो उडवून लावता येईल. पण प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर आपल्याच घरातल्या मुलींच्या उद्याच्या संसाराशी जोडलेलं आहे. म्हणून आज ते नीट समजून घेऊ या.

खेळातलं घराणं

या खेळांतला सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे ‘द सिम्स’. विल राइट या अमेरिकन माणसाने तो रचला आणि २००० साली तो बाजारात आला. २००४ साली त्याचा दुसरा अवतार आला, तेव्हा त्यात आनुवंशिकता आली. डोळ्यांचा तपकिरी रंग प्रभावी, हिरवा किंवा करडा अप्रभावी. काळे केस प्रभावी, सोनेरी अप्रभावी. शाळेच्या पुस्तकात मेंडेलचे वाटाणे असतात, तोच हिशेब इथे बाहुल्यांना लावलेला. सख्ख्या बहीण-भावाचं लग्न हा खेळ लावू देत नाही. पण त्यापलीकडच्या भावंडांचं लग्न जमलं, तर होणाऱ्या बाळाच्या तब्येतीला काहीही होत नाही. बाळ गुटगुटीत!

दुसरा खेळ राजघराण्यांचा. ‘क्रुसेडर किंग्ज’ हे त्याचं नाव. तो स्वीडनमधल्या कंपनीचा आहे आणि त्याचा तिसरा भाग २०२० साली आला. त्यात आपण एका घराण्याचे कर्तेधर्ते असतो. सोयरिकी जुळवायच्या, वारस मिळवायचे आणि राज्य वाढवायचं. इथे मात्र जवळच्या नात्यात पुन्हा पुन्हा लग्नं लावली, की एखाद्या बाळावर जन्मतःच ‘अति जवळच्या नात्यातलं’ असा शिक्का बसतो. मग त्याची प्रकृती, बुद्धी, पुढे मूल होण्याची शक्यता, सगळंच एकदम खाली येतं. गंमत म्हणजे हे ठाऊक असूनही खेळणारे मुद्दाम घरातल्या घरात लग्नं लावतात. कारण देखणेपण, हुशारी, धिप्पाड बांधा हे गुणही रक्तातून उतरतात आणि ते घराण्यात साठवता येतात!

म्हणजे एक खेळ शिकवतो, काही होत नाही. दुसरा शिकवतो, शिक्का बसतो. प्रत्यक्षात दोन्ही अर्धवट आहेत. देखण्या-हुशारीच्या साठवणुकीत तर फारसा अर्थच नाही. बुद्धी किंवा उंची एकट्या-दुकट्या जनुकावर ठरत नाही. शेकडो-हजारो जनुकांचा त्यात थोडा थोडा वाटा असतो आणि शिवाय खाणं, शिक्षण, आजारपणं यांचाही. घरात पाच डॉक्टर आहेत म्हणून घरातच लग्न लावलं तर सहावा डॉक्टर निघेल, हा हिशेब जमत नाही.

रुक्मिणीच्या माहेरची रीत

ही रीत आपल्याकडे आजची नाही. अमरावती जिल्ह्यातलं वर्धेकाठचं कौंडिण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. भागवतातली कथा अशी, की रुक्मिणीचा मुलगा प्रद्युम्न याचं लग्न तिच्या भावाच्या, म्हणजे रुक्मीच्या मुलीशी झालं. प्रद्युम्नाचा मुलगा अनिरुद्ध, त्याच्यासाठीही रुक्मीचीच नात आणली. रुक्मीचं भोजकट म्हणजे अमरावतीजवळचं भातकुली, असं मानलं जातं. सुभद्रा तरी कोण? अर्जुनाच्या मामाचीच मुलगी.

डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतातल्या नातेसंबंधांची मांडणी केली. उत्तरेत नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते पसंतीचं आणि महाराष्ट्र या दोघांच्या मधला. आपल्याकडे बऱ्याच समाजांत मामाची मुलगी करतात. तेलंगण, आंध्र, तमिळनाडूकडे मामा-भाचीचं लग्नही लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत तमिळनाडूतल्या शंभरापैकी सुमारे २८ विवाहित स्त्रियांची लग्नं नात्यातली होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही अशी लग्नं एरवी निषिद्ध नात्यात मोडतात. पण समाजाची तशी रूढी असेल, तर कायदा ती मान्य करतो.

आणि खरं सांगायचं तर या रिवाजामागे बाईच्या सोयीचाही विचार होता. ‘‘घरचीच त पोरगी हाय, तिले काय पायाचं?’’ असं आपल्याकडे म्हातारी माणसं म्हणतात. सासू म्हणजे सख्खी आत्याच. देण्याघेण्यावरून रुसवेफुगवे कमी. वावर, घरदार सगळं ओळखीच्या माणसांत. मुलीचा स्वभाव दोन्हीकडे ठाऊक. म्हणून ‘कसली मेली अडाणी रीत!’ असं म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. ज्या आयांनी आपल्या लेकी भावजयीच्या किंवा नणंदेच्या घरात विश्वासाने दिल्या, त्यांनी लेकीचं भलंच पाहिलं होतं. त्या काळी रक्तात काय लपलेलं असतं ते पाहायची सोय नव्हती, एवढंच.

नात्याचं गणित

आता जरा अपूर्णांक. घाबरू नका, पुरणपोळीचे भाग करण्याइतकंच ते सोपं आहे.

आई-बाप आणि मूल यांच्यात निम्मं रक्त सामाईक असतं. सख्ख्या भावंडांतही साधारण निम्मं. मामा आणि भाची यांच्यात एक चतुर्थांश. मामेभाऊ-आतेबहीण यांच्यात एक अष्टमांश.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे काकाची मुलगी म्हणजे बहीण, तिच्याशी लग्न म्हटलं तर आपण कानावर हात ठेवू. पण मामाची मुलगी चालते, कारण तिचं कूळ वेगळं, देवक वेगळं, गोत्र वेगळं. रक्ताच्या दृष्टीने मात्र दोघी सारख्याच! काकाची मुलगी एक अष्टमांश आणि मामाची मुलगीही एक अष्टमांश. मावशीची आणि आत्याची मुलगीही तेवढीच. मुस्लिम घरांत काकाच्या मुलीशी लग्न होतं, त्यालाही आपण नवल मानतो. पण शरीराच्या हिशेबात त्यांची रीत आणि आपली रीत एकाच तराजूत बसते. गोत्र बापाच्या बाजूने चालतं. जनुकं आई-बाप दोघांकडून निम्मी निम्मी येतात. गोत्र टाळलं म्हणजे रक्त टळलं, असं होत नाही.

हायब्रीडच्या बियाण्यात दडलेलं

पण रक्त सामाईक असलं तर बिघडतं काय? हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या बायकोला पुस्तकाविना समजावता येईल. १९६४ साली ‘सीएसएच-१’ ही पहिली संकरित ज्वारी आली, तेव्हापासून ‘हायब्रीड’ हा शब्द आपल्या घरोघरी आहे. हायब्रीडचं बियाणं दर वर्षी नवं का घ्यावं लागतं? घरचं दाणं ठेवून पेरलं, तर पीक सारखं येत नाही. एक ताट उंच, एक बुटकं, एक भरलेलं, एक फोल. पहिल्या पिढीत जे गुण झाकलेले होते, ते दुसऱ्या पिढीत उघडे पडतात.

माणसाचंही तसंच. प्रत्येक जनुकाच्या आपल्यापाशी दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी चांगली प्रत काम निभावून नेते. अशी झाकलेली बिघडलेली प्रत बाळगणाऱ्या माणसाला ‘वाहक’ म्हणतात. वाहक म्हणजे रोगी नव्हे. तुमच्या-माझ्या, प्रत्येकाच्या रक्तात अशा काही ना काही झाकलेल्या प्रती असतातच. अडचण केव्हा? नवरा आणि बायको दोघेही एकाच दोषाचे वाहक असले तर. तेव्हा दर खेपेला चारांत एक शक्यता, की बाळाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळतील.

आणि एकाच आजीची नातवंडं एकाच दोषाची वाहक असण्याची शक्यता परक्यांपेक्षा जास्त, एवढाच नात्यातल्या लग्नाचा दोष. नातं स्वतः आजार निर्माण करत नाही. असलेला, दडलेला दोष ते वर आणतं.

धोका किती?

आकडा सांगते, म्हणजे भीतीही आटोक्यात राहील आणि बेफिकिरीही. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात अकरा हजारांवर बाळांची पाहणी झाली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिथल्या पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांत चुलत-मामे भावंडांची लग्नं पुष्कळ होतात. परक्यांत लग्न झालेल्यांच्या शंभर बाळांत सुमारे तिघांना जन्मजात व्यंग होतं. भावंडांत लग्न झालेल्यांच्या शंभरांत सुमारे सहांना. म्हणजे धोका दुप्पट, हे खरं. पण शंभरांतली चौऱ्याण्णव बाळं सुखरूप, हेही तितकंच खरं. ‘आमच्या घरात तीन पिढ्या अशीच लग्नं झाली, कुठे काय झालं?’ असं म्हणणारी आजी खोटं बोलत नाही. तिच्या घरी काही झालं नाही. पण शेजारच्या घरी झालं, त्याचाही हिशेब त्याच आकड्यात आहे.

पिढ्यान् पिढ्या तेच ते केलं, की मात्र धोका साठत जातो. स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. त्याचे आई-वडील भाची आणि मामा. त्याआधीच्या पिढ्यांतही तीच तऱ्हा. २००९ साली स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी त्याची वंशावळ मोजली, तेव्हा त्याचं रक्त सख्ख्या बहीण-भावाच्या अपत्याइतकं, किंबहुना किंचित जास्तच एकजात झालेलं निघालं. तो जन्मभर दुखणाईत राहिला, मूल झालं नाही आणि १७०० साली त्याच्याबरोबर स्पेनमधली ती शाखाच संपली.

उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा चार्ल्स डार्विन तर आपल्या रीतीतलाच! त्याची बायको एमा ही त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. १८३९ साली लग्न झालं, दहा मुलं झाली, त्यांतली तीन लहानपणीच गेली. आपल्या लग्नाचा तर हा परिणाम नसेल, ही टोचणी त्याला होती. इंग्लंडच्या १८७१ च्या जनगणनेत भावंडांतल्या लग्नांचा प्रश्न घालावा असा प्रयत्न त्याने केला, पण पार्लमेंटने तो मानला नाही. त्या काळी लहान मुलं साथीच्या रोगांनीही जात, त्यामुळे दोष सगळा नात्याचाच असं म्हणता येत नाही. पण एवढा मोठा माणूसही आईबापाच्याच काळजीने हा प्रश्न विचारत होता.

नात्यात नाही, म्हणून सुटलो?

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘आम्ही नात्यात करतच नाही, तेव्हा आम्हाला काय?’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणींनी हा भाग जरूर वाचावा.

विदर्भात ‘सिकलसेल’ हा शब्द पुष्कळांच्या कानावरून गेलेला असतो. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू वस्त्यांत तो आढळतो. पण तो फक्त आदिवासींचा आजार नव्हे. आपल्या गावा-शहरांतल्या अनेक समाजांत तो आहे. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला ‘दात्रपेशी पांडुरोग’ म्हटलंय. एरवी गोल असणारी रक्तातली तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. चांगली पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी. वाकड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, म्हणून हातापायांत असह्य कळा. तान्ह्या बाळाची बोटं सुजतात, डोळे पिवळे होतात, ताप सारखा येतो.

भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीत नोंदवला गेला. तो मलेरियाच्या प्रदेशांत का टिकला, याचं उत्तर अ‍ॅन्थनी अ‍ॅलिसन या शास्त्रज्ञाने १९५४ साली दिलं. सिकलसेलच्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. म्हणजे ज्या प्रतीने जंगलातल्या पूर्वजांना वाचवलं, तीच दोन्ही बाजूंनी आली, की नातवाला छळते. यात ना कुणाचं पाप, ना जातीचा कमीपणा.

आता हे गणित पाहा. समजा, आजी एका दोषाची वाहक आहे. तिच्या नातवाकडे तो दोष येण्याची शक्यता चारांत एक. त्याने मामाची मुलगी केली, तर तीही त्याच आजीची नात. तिच्याकडेही चारांत एक. दोघेही वाहक निघण्याची शक्यता सोळांत एक. आता त्याने परकी मुलगी केली असं समजा. दोष दुर्मीळ असेल, शंभरांत एक वाहक, तर ही शक्यता चारशेंत एक होते. केवढा फरक! पण दोष समाजात पसरलेला असेल, पाचांत एक वाहक, तर? तर वीसांत एक. सोळांत एक आणि वीसांत एक, यात फरक तो कितीसा?

म्हणजे काय, की दुर्मीळ आजारांच्या बाबतीत नातं टाळल्याने मोठा फायदा होतो. जन्मजात बहिरेपणाचे, मेंदूचे, डोळ्यांचे कितीतरी आजार यात मोडतात. पण जो दोष आपल्या समाजातच पसरलेला आहे, तिथे नुसतं नातं टाळून भागत नाही. आपण पिढ्यान् पिढ्या जातीतच सोयरिकी करतो. त्यामुळे जात हेच एक मोठं कुटुंब होऊन बसतं. २०१७ साली हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर केलेल्या अभ्यासात हेच निघालं. आपल्याकडचे अनेक समाज मूळच्या थोड्या पूर्वजांपासून वाढले आणि आतल्या आत लग्नं करत राहिले, त्यामुळे दोषही आतल्या आत फिरत राहिले.

थॅलेसेमियाचंही तेच. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आपल्याकडे आली, अमरावतीचा रामपुरी कॅम्प आणि अकोल्याचा सिंधी कॅम्प त्यातूनच वसले. सिंधी, पंजाबी, लोहाणा या समाजांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात, म्हणून त्यांच्यात लग्नाआधीच्या तपासणीचा आग्रह धरला जातो. इतर समाजांतही वाहक असतातच. थॅलेसेमिया मेजरच्या मुलाला बहुधा दर दोन-चार आठवड्यांनी रक्त भरावं लागतं. त्या आईचा दिनक्रम एकदा डोळ्यांसमोर आणा.

दोष कुणाचा?

आणि हा विषय बायकांच्या साप्ताहिकात यायला हवा, याचं कारण इथे आहे. मूल आजारी निघालं, की बोट कुणाकडे वळतं? ‘हिचीच कूस वाईट,’ ‘हिचा पायगुणच तसा,’ ‘बाळंतपणात थंड खाल्लं असेल.’

माझ्या ओळखीतल्या एकीचं सांगते. दिलेली ती आत्याच्याच घरी. पहिलं पोर वर्षभरात सारखं फिकट, रडकं, बोटं सुजलेली. घरात आत्याच सासू. पण तीच म्हणू लागली, ‘‘आमच्या घरात असं कोनाले नाही झालं, हे तुह्या मायच्या घरचं.’’ रक्त तपासायची वेळ आली, तेव्हा हिचं तपासलं, पोराचं तपासलं. नवरा मात्र ‘‘मले काय झालं?’’ म्हणून दोन वर्षं टाळत राहिला. शेवटी त्याचं तपासलं, तेव्हा दोघेही वाहक. दोघांनाही ते एकाच आजीकडून आलेलं. म्हणजे ‘तुह्या मायच्या घरचं’ म्हणत होती, तिच्याच माहेरचं! तोवर ती बाई दोन वर्षं मान खाली घालून वावरली होती.

मैत्रिणींनो, हे वाक्य पाठ करून ठेवा : असा आजार एकट्या आईकडून येऊच शकत नाही. एक प्रत आईची, एक बापाची, तेव्हाच तो होतो. हे सांगायला वकील नको, नववीचं पुस्तक पुरे.

आणखी एक समज काढून टाका. ‘चारांत एक ना? पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली.’ नाही. दर खेपेला नव्याने फासा पडतो. त्याला मागचं काही आठवत नाही.

साक्षगंधाआधी काय करावं?

आपण पत्रिका पाहतो. छत्तीस गुणांतले आठ गुण एकट्या नाडीचे. एक नाडी आली की संततीची भीती घालून चांगली स्थळं मोडतात. संततीचीच काळजी असेल, तर तिच्यासाठी आता याहून खात्रीचा मार्ग आहे. रक्ताची तपासणी!

१) घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बसवून तीन पिढ्यांची वंशवेल कागदावर काढा. कोणाची तान्ही मुलं गेली, कोणाला वारंवार रक्त भरावं लागलं, जन्मतः बहिरं-मुकं कोण, फिट्स कोणाला, हे लिहा. आजी हयात आहे तोवरच हे होईल.

२) मुलगा आणि मुलगी दोघांचंही रक्त तपासा. आणि मुलाचं आधी! सिकलसेलसाठी सोल्युबिलिटी ही साधी प्राथमिक तपासणी असते. पण ती वाहक कोण आणि रोगी कोण हे वेगळं सांगत नाही. ती होकारार्थी आली, तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्की तपासणी करावीच. थॅलेसेमियाचा वाहकही याच पक्क्या तपासणीत कळतो. अंगात लोह फार कमी असेल, तर तो कधी कधी लपून राहतो, म्हणून डॉक्टरांना आपला हिमोग्लोबिनचा आकडा आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, ते सांगावं. अलीकडे रक्त भरलं असेल, तर तेही सांगावं.

३) सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे सुरू झाली. आपल्या राज्यासह सतरा राज्यांत चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट ठेवलं. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. शहरात असाल तर जिल्हा रुग्णालयात. तपासणीचं कार्ड मिळालं, तर ते पत्रिकेच्याच पिशवीत जपून ठेवा.

४) निकाल आला, की असा वाचावा. दोघेही निर्दोष : काळजी नाही. एक वाहक, एक निर्दोष : एकही मूल रोगी होणार नाही, लग्न खुशाल करावं. रोगी आणि निर्दोष : मुलं सगळी वाहक, पण रोगी एकही नाही. दोघेही वाहक : दर खेपेला चारांत एक धोका. एक वाहक, एक रोगी : निम्मा धोका.

५) दोघेही वाहक निघाले आणि अजून लग्न ठरायचं असेल, तर शांतपणे दुसरी सोयरीक पाहावी. तीही तपासूनच. लग्न झालेलं असेल, तर घाबरून जाऊ नये. दिवस राहिल्याबरोबर, पहिल्या अडीच-तीन महिन्यांच्या आत, डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट दाखवावेत. बाळाला आजार आहे की नाही, हे गर्भाच्या वारेचा अंश काढून मान्यताप्राप्त केंद्रात तपासता येतं. कायदा त्याला परवानगी देतो. गर्भ मुलाचा की मुलीचा, हे पाहायला मात्र तो मनाई करतो. उशीर केला तर मार्ग कमी उरतात.

६) नात्यातच लग्न झालेल्या मैत्रिणींनी गरोदरपणी डॉक्टरांना ते आपण होऊन सांगावं. लपवू नये. अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमाराची सोनोग्राफी चुकवू नये. बाळाची ऐकण्याची तपासणी पहिल्याच महिन्यात करून घ्यावी. बहिरेपण लवकर कळलं, तर मूल बोलायला शिकू शकतं.

७) घरात सिकलसेलचं मूल असेल, तर त्याला भरपूर पाणी द्यावं, थंडीत ऊब आणि उन्हात सावली द्यावी, लसी सगळ्या टोचाव्यात. ताप आला, तर घरगुती काढ्यावर दिवस काढू नयेत, लगेच दवाखाना गाठावा. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने कळांच्या खेपा पुष्कळ कमी होतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. असं मूल शाळेत जातं, शिकतं, मोठं होतं.

एक सूचना, मुलींच्या बाजूने

तपासणीचा आग्रह धरताना एक भीती मनात येते. मुलगी वाहक निघाली, की तिच्या कपाळी शिक्का बसणार, स्थळं परत जाणार. तो राजघराण्यांचा खेळ बाळाच्या नावापुढे शिक्का मारतो ना, तसा! म्हणून रिपोर्टची चर्चा चार घरांत करू नये. तो दोन कुटुंबांतच राहावा. ‘वाहक’ हा शब्द ऐकून मुलाकडच्यांनी तोंड फिरवलं, तर त्यांना विचारावं, तुमच्या मुलाचा रिपोर्ट कुठे आहे? तो निर्दोष असेल, तर त्यांच्या नातवंडांना या आजाराची भीतीच नाही. वाहक मुलगी धडधाकट असते. ती शिकते, नोकरी करते, बाळंत होते, नव्वदीची होते.

काँप्युटरच्या खेळात चुकलेला डाव पुन्हा मागून मांडता येतो. खऱ्या घरात तसं नसतं. पण खऱ्या घरात एक गोष्ट खेळापेक्षा चांगली आहे : पत्ते मांडायच्या आधीच ते उघडून पाहता येतात. म्हणून मामाचं घर असो की परकं, साक्षगंधाच्या यादीत नारळ, साखर, साडी-चोळी यांच्या बरोबरीने रक्ताचे दोन रिपोर्टही लिहा. आणि यादीत ते पहिल्या ओळीवर असू द्या.